दाराच्या अटी : शहरातले बेघर आणि ख्रिस्ती सेवाकार्य
(प्रस्तावना)

रोमन सम्राट ज्युलियन हा ख्रिस्ती धर्माचा उघड विरोधक. इसवी सन ३६२ च्या सुमारास त्याने गलातियातल्या आपल्या मुख्य पुरोहिताला लिहिलेले म्हणून एक पत्र आज उपलब्ध आहे. त्याच्या अस्सलपणाबद्दल काही अभ्यासकांना शंका आहे, पण मजकूर बोलका आहे. हे लोक स्वतःच्या गोरगरिबांना पोसतात ते पोसतातच, वर आपल्याही गोरगरिबांना पोसतात, ही आपल्याला लाज आणणारी गोष्ट आहे, अशी सम्राटाची तक्रार आहे. म्हणून शहरोशहरी परक्यांसाठी धर्मशाळा उभारा, असे तो फर्मावतो. पुढच्या दहाएक वर्षांत कप्पदोकियातल्या कैसरिया शहराबाहेर बासिल या बिशपने एक वसाहतच वसवली. नुकत्याच येऊन गेलेल्या दुष्काळाचा अनुभव तिच्यामागे होता. वाटसरूंना उतरायला जागा, आजाऱ्यांना उपचार, कुष्ठरोग्यांना आसरा, अशी तिची रचना होती. बासिल वारल्यावर त्याचा मित्र ग्रेगरी याने गौरवभाषणात या वसाहतीची मुक्त कंठाने स्तुती केली.

विरोधकाची तक्रार आणि मित्राची स्तुती, अशा दोन साक्षी आपल्यापाशी आहेत. त्या वसाहतीत जो रात्री पाठ टेकत होता, त्याची साक्ष मात्र कुठेच नाही. शहरातले बेघर आणि त्यांच्यासाठी झटणारे ख्रिस्ती सेवाकार्य हा विषय अभ्यासायला घेतला, की पहिल्याच पानावर ही उणीव भेटते आणि शेवटपर्यंत सोबत राहते. सोळा शतकांत कागदपत्रांचे डोंगर साचले, तरी ते बहुतेक देणाऱ्याने लिहिलेले आहेत, नाहीतर देणाऱ्याला नावे ठेवणाऱ्याने. घेणाऱ्याच्या बाजूने हा इतिहास वाचायचा कसा, हाच या क्षेत्राचा मध्यवर्ती प्रश्न आहे असे मी मानतो, आणि नव्याने येणाऱ्या वाचकाचे स्वागत त्याच प्रश्नाने करतो.

या क्षेत्रात यायला ख्रिस्ती असावे लागत नाही, श्रद्धावान असावे लागते असेही नाही. माणसे श्रद्धेपोटी काही करतात हे मात्र खरे मानावे लागते. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवसाचे वर्णन आहे. भुकेल्याला अन्न दिले का, परक्याला घरात घेतले का, उघड्याला वस्त्र दिले का, याचा तिथे हिशेब होतो, आणि ज्या कनिष्ठाला हे दिले किंवा नाकारले तो प्रभूच होता, असे उलगडते. फुटपाथवरच्या माणसाची जखम धुणारी सिस्टर त्या माणसाला कार्यक्रमाचा लाभार्थी समजत नाही. तिच्या लेखी ती सेवा म्हणजे उपासनाच असते. ही समजूत नीट ध्यानात घेतली नाही, तर पगार नसताना, प्रसिद्धी नसताना आणि पुष्कळदा यशही नसताना ही माणसे तीस-चाळीस वर्षे एकाच वॉर्डात कशी टिकतात, याचा उलगडा होत नाही. तीच समजूत चिकित्सेच्या आड येऊ दिली, तर अभ्यासाची स्तुतिपर स्मरणिका होते.

मग बेघराच्या बाजूने वाचायचे ते कसे? मी सुचवतो ती पद्धत साधी आहे. निवाऱ्याच्या दाराशी उभा राहिलेला माणूस मनातल्या मनात चार गोष्टी विचारत असतो. मला आत घेतील का? किती दिवस राहू देतील? बदल्यात काय मागतील? आणि आत गेल्यावर माझे कोण ठरवणार? कोणतीही संस्था, कोणतेही शतक, कोणताही अहवाल या चार प्रश्नांपुढे ठेवावा. पुष्कळ गोष्टी आपोआप स्पष्ट होतात.

पहिला प्रश्न प्रवेशाचा. गोव्यात पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या आरंभीच मिझेरिकॉर्दिया या धर्मसेवी बंधुसंघाची स्थापना केली. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे निराधार स्त्रियांसाठी आश्रयगृहेही निघाली. त्यांतले एक पोर्तुगीज कुळांतल्या अनाथ मुली आणि विधवा यांच्यासाठी होते, दुसरे पश्चात्ताप पावलेल्या म्हणून गणल्या जाणाऱ्या स्त्रियांसाठी. दया होती, पण तिच्या दारावर कूळ आणि चारित्र्य तपासले जात होते. आज कूळ कोणी विचारत नाही, तपासणीचे स्वरूप बदलले आहे. आधार कार्ड आहे का? दारू प्यायला आहेस का? बाईमाणूस असेल तर सोबत मुलगा केवढा आहे? पुरुषांचा निवारा वेगळा आणि बायकांचा वेगळा असला, तर नवरा-बायको आणि चार लेकरांचे कुटुंब दोन्हीकडे बसत नाही. ते फुटपाथवर राहते, आणि मग 'निवारा रिकामा आहे, हे लोकच येत नाहीत' असा शेरा नोंदवला जातो.

बेघर कोणाला म्हणायचे, हेही याच प्रश्नाचे अंग. २०११ च्या जनगणनेने २८ फेब्रुवारीच्या रात्री उघड्यावर झोपणाऱ्यांची मोजणी केली. रस्त्याच्या कडेला, फुटपाथवर, ह्यूम पाइपांत, उड्डाणपुलांखाली, जिन्यांखाली, देवळांच्या आवारात, रेल्वे फलाटांवर जे सापडले ते मोजले गेले. देशभरात ही संख्या १७ लाख ७० हजारांच्या वर भरली. त्यांतले ९ लाख ३८ हजार शहरांतले होते, आणि बृहन्मुंबईतले सुमारे ५७ हजार. एका रात्रीत, विजेरीच्या उजेडात झालेली ही मोजणी आहे. रात्रपाळीला गेलेला हमाल, पोलिसांच्या धाकाने आडोशाला सरकलेली बाई, त्या रात्रीपुरती नातलगाकडे टेकलेली म्हातारी तीत येत नाही. शिवाय भायखळ्याच्या फुटपाथवर ताडपत्री आणि बांबू यांच्या आधाराने पिढीभर राहणारे कुटुंब स्वतःला बेघर म्हणवून घेईलच असे नाही. त्याच्या लेखी ते घरच असते.

त्या घराकडे जरा जवळून पाहिले पाहिजे. पहाटे नळाला पाणी असते तेवढ्यात बायका कळश्या भरून आणतात. उजाडायच्या आत वळकट्या गुंडाळल्या जातात, कारण त्याच जागेवरून थोड्या वेळाने माणसे कामाला चालत निघणार असतात. भांडी एका पिंपात आणि कपडे बोचक्यात जातात. रेशन कार्ड, पोराचा शाळेचा दाखला, दवाखान्याचे कागद हे सगळे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बोचक्याच्या अगदी तळाशी ठेवतात, नाहीतर अंगावरच बाळगतात. म्युनिसिपालिटीची गाडी आली, की काय वाचवायचे याचा क्रम ठरलेला असतो: आधी मूल, मग कागद, मग स्टोव्ह. निवाऱ्याची कोणतीही योजना आखणाऱ्याला हा क्रम ठाऊक हवा. जिथे सामान ठेवायला कुलपाची जागा नाही, त्या निवाऱ्यात हा माणूस रात्री येत नाही. त्यात आळस किंवा व्यसन शोधण्याचे कारण नाही.

दुसरा प्रश्न मुदतीचा. विल्यम बूथ यांनी १८६५ मध्ये लंडनच्या ईस्ट एंडमध्ये काम सुरू केले आणि १८७८ मध्ये त्याला साल्वेशन आर्मी हे नाव मिळाले. मराठीत आपण तिला मुक्तिफौज म्हणतो. १८८८ पासून तिने लंडनमध्ये रात्रनिवारे उघडले. चार पेन्समध्ये रात्रीचे जेवण, झोपायला लाकडी चौकट आणि सकाळची न्याहारी मिळे. त्या अरुंद चौकटी शवपेटीसारख्या दिसत, म्हणून लोकांनी त्यांना तेच नाव दिले. न्याहारी झाली, की बाहेर पडायचे आणि रात्रीपुरते चार पेन्स पुन्हा मिळवायचे. ज्याच्यापाशी तेही नाहीत, त्याने श्रम करून ते फेडायचे. बूथ यांना एका रात्रीची सोय पुरेशी वाटत नव्हती. १८९० च्या त्यांच्या गाजलेल्या ग्रंथात शहरातली वसाहत, शेतीची वसाहत आणि परदेशातली वसाहत अशी तीन पायऱ्यांची योजना होती. या ग्रंथाला भारतापुरती जोड देणारे पुस्तक लवकरच निघाले. त्याचे लेखक फ्रेडरिक टकर. इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधली नोकरी सोडून हे गृहस्थ सप्टेंबर १८८२ मध्ये मुक्तिफौजेची पहिली तुकडी घेऊन मुंबईत उतरले होते. त्यांनी फकीर सिंग हे नाव घेतले, भगवी वस्त्रे घातली, अनवाणी चालले, आणि वाजतगाजत मिरवणुका काढल्या म्हणून तुरुंगातही गेले.

मुदतीचे दुसरे टोक कोलकात्यात दिसते. मदर तेरेसा यांनी १९५० मध्ये मिशनरीज ऑफ चॅरिटी हा संघ स्थापन केला आणि १९५२ मध्ये कालीघाटच्या मंदिराला लागून असलेल्या यात्रेकरूंच्या धर्मशाळेत 'निर्मल हृदय' सुरू केले. रस्त्यावर मरायला टेकलेल्या माणसाला इथे आणायचे, धुवायचे, भरवायचे, आणि तो गेला तर त्याच्या धर्माप्रमाणे शेवटचे संस्कार होतील असे पाहायचे. इथे मुदत उरलेल्या आयुष्याएवढी. मुंबईत भायखळ्याला याच संघाचे 'आशा दान' आहे, हिंदुस्तान लीव्हर कंपनीने दिलेल्या जागेत. सोडून दिलेली बालके, अपंग, आजारी, कोणी नसलेले लोक तिथे राहतात. दोन्ही टोके अभ्यासकाने समोरासमोर ठेवावीत. एका रात्रीचा निवारा माणसाला मोकळा ठेवतो, पण पायावर उभा करत नाही. कायमचा आश्रम सांभाळतो, पण परतीची वाट क्वचितच दाखवतो. मुंबईत जेझुइटांनी १९६२ मध्ये सुरू केलेल्या 'स्नेहसदन'ने स्टेशनांवर आलेल्या मुलांसाठी मधली वाट शोधली. मोठ्या वसतिगृहाऐवजी लहान लहान घरे केली, आणि त्या घरांना सांभाळणारे आईवडील दिले.

तिसरा प्रश्न बदल्यात काय, हा. महाराष्ट्रात हा विषय काढला की धर्मांतराचा मुद्दा येतोच, आणि तो यायलाही हवा. लंडनच्या निवाऱ्यात झोपण्याआधी प्रार्थनासभा असे. तेव्हा जेवणाबरोबर उपदेशही ऐकणे आले. आपल्याकडचे सर्वांत बोधप्रद उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या असताना लंडनच्या फुलहॅम भागात ख्रिस्ती भगिनींचे एक सदन त्यांनी पाहिले. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना त्या भगिनी मायेने सांभाळत होत्या. अशा स्त्रियांना माणूस म्हणून जवळ करणारा धर्म आपण प्रथमच पाहिला, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले, आणि त्यांच्या ख्रिस्तस्वीकाराच्या वाटेत या भेटीला मोठे स्थान आहे. म्हणजे सेवेचा प्रभाव इथे घेणाऱ्यावर पडलेला नाही, पाहणाऱ्या विदुषीवर पडलेला आहे. त्याच रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले ते धार्मिक तटस्थतेच्या हमीवर. १८९३ च्या सुमारास मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्याचा बोभाटा झाला. 'केसरी'ने झोड उठवली. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखी सल्लागार मंडळीही दूर झाली. पालकांनी मुली काढून नेल्या.

हा वाद आजही दोन बाजूंनी वाचला जातो. एक बाजू फसवणूक पाहते, दुसरी छळ. मी वाचकाला तिसरीकडे बघायला सांगेन: ज्या मुलींना परत नेले, त्या कुठे गेल्या, आणि त्यांना कोणी काही विचारले का? सेवेआड प्रलोभन असू नये ही मागणी रास्त आहे. उपाशी माणसाचा होकार हा मोकळा होकार नसतो, हे ख्रिस्ती विचारवंतांनीही मान्य केलेले तत्त्व आहे. पण प्रलोभन आहे की नाही, हे तपासायचे कसे? दाराच्या अटी पाहून. प्रार्थनेला न बसणाऱ्याला ताट तेवढेच भरून मिळते का? प्रार्थनेला बसणाऱ्याला चादर जास्त चांगली मिळते का? असे साधे प्रश्न विचारले, तर वाद घोषणांवरून पुराव्यावर येतो. महाराष्ट्राला या पुराव्यासाठी मापही घरचेच आहे. गाडगेबाबांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या धर्मशाळांमध्ये गावाकडून मुंबईला आलेल्या रुग्णांना आणि त्यांच्या नातलगांना आसरा मिळत आला आहे. ख्रिस्ती निवारे आणि या धर्मशाळा एकाच निकषावर तोलणारा अभ्यास व्हायला हवा.

चौथा प्रश्न निर्णयाचा, आणि तो सर्वांत अवघड. १९९४ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाचे संपादक रॉबिन फॉक्स यांनी कालीघाटच्या भेटीबद्दल लिहिले. स्वच्छता, जखमांची निगा आणि माया यांची त्यांनी नोंद घेतली. पण नीट निदान होत नाही, बरा होण्याजोगा रुग्ण आणि न होण्याजोगा रुग्ण वेगळे काढले जात नाहीत, तीव्र वेदनाशामके नाहीत, असेही स्पष्ट सांगितले. या टीकेने अनेक सेवाभावी मंडळी दुखावली, अनेक टीकाकारांना आयते हत्यार मिळाले. अभ्यासकाला यातून मिळतो तो एक नेमका मुद्दा: वेदना सोसण्यात अर्थ आहे की नाही, हे रुग्णाने ठरवायचे की त्याला उचलून आणणाऱ्याने? याच शतकातली दुसरी वाट न्यूयॉर्कमध्ये दिसते. डोरोथी डे आणि पीटर मॉरिन यांनी १ मे १९३३ रोजी 'कॅथलिक वर्कर' हे एका सेंटचे वृत्तपत्र सुरू केले. पाठोपाठ त्यांची आतिथ्यगृहे निघाली. तिथे सेवक आणि पाहुणे एकाच छताखाली राहत आणि एकाच भांड्यातले सूप घेत. करसवलतीसाठी संस्था म्हणून नोंदणी करायलाही डे यांनी नकार दिला. दया ही ज्याने त्याने स्वतःच्या अंगावर घ्यायची गोष्ट आहे, हा त्यांचा आग्रह होता. शिवाय माणसे रस्त्यावर आणणाऱ्या अर्थव्यवस्थेवर त्यांचे वृत्तपत्र सतत हल्ला चढवत राहिले.

मुंबईची स्वतःची कथा याच प्रश्नाला सर्वांत समृद्ध उत्तर देते, आणि मराठी वाचकांना ती फारशी ठाऊक नाही. अमेरिकन मराठी मिशन १८१३ पासून मुंबईत होते. त्याचे एक मिशनरी क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२० च्या दशकात नागपाड्यात 'नेबरहूड हाउस' सुरू केले. गिरणी-गोदीच्या कामगारांची, हिंदू-मुसलमान-ज्यू अशी मिश्र वस्ती. तिथे दवाखाना, वर्ग, व्याख्याने, खेळ असे शेजारधर्माचे काम चाले. सद्भावना पुरत नाही, तिला प्रशिक्षण हवे, ही जाणीव या कामातून पक्की झाली. टाटा विश्वस्तांच्या साहाय्याने १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघाले आणि मॅन्शार्ट त्याचे पहिले संचालक झाले. १९४४ मध्ये त्याचेच नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाले. भारतातल्या व्यावसायिक समाजकार्याच्या शिक्षणाचा उगम असा एका मिशनच्या वस्तीकामात आहे.

कथा इथे संपत नाही. नागपाड्याच्या त्याच नेबरहूड हाउसमध्ये काम केलेल्या शीला पटेल यांनी सहकाऱ्यांसह १९८४ मध्ये 'स्पार्क' ही संस्था भायखळ्यात सुरू केली. तिला धर्माचे लेबल नव्हते. १९८१ मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी फुटपाथवासीयांना हाकलण्याची घोषणा केली होती. त्यावरचा ऑल्गा टेलिस खटला सर्वोच्च न्यायालयात होता. सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या घटनापीठाने जुलै १९८५ मध्ये निकाल दिला. उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात सामावलेला आहे, असे पीठाने म्हटले, पण रीतसर सूचना देऊन हटवायला मुभाही दिली. त्याच वर्षी स्पार्कने फुटपाथवरच्या कुटुंबांचे सर्वेक्षण केले. ते त्या कुटुंबांच्या मदतीने केले, हे महत्त्वाचे. पुढे याच बायकांच्या 'महिला मिलन' बचत गटांनी पैसे साठवले, घरांचे नकाशे स्वतः आखले, आणि मानखुर्दला मिलन नगर उभे राहिले. अजून एक धागा आहे. टाटा संस्थेच्या 'कोशिश' प्रकल्पाने २००६ पासून बेघर आणि भिक्षेकरी यांच्यात काम करताना चेंबूरच्या भिक्षेकरी गृहाचे दार आतून पाहिले.

मिशनने सुरू केलेले काम व्यवसायाने उचलले, आणि व्यवसायाकडून ते फुटपाथवरच्या बायकांच्या हाती गेले. काहींना यात श्रद्धेचा ऱ्हास दिसतो. मला यात तिची सार्थकता दिसते. मत्तयाच्या अध्यायातला परका जर खरोखर प्रभू असेल, तर कधीतरी यजमानाची जागा त्याच्याकडे गेलीच पाहिजे.

सरकारचे दारही याच चार प्रश्नांनी तपासावे. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंध अधिनियमाने उपजीविकेचे दिसते साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणे हेसुद्धा भीक मागण्यात धरले. पहिल्याच दोषसिद्धीला किमान एक वर्ष डांबण्याची तरतूद केली. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरत्या त्यातल्या अनेक तरतुदी रद्द केल्या. दुसऱ्या बाजूला २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने निकष ठरवला: शहरी लोकसंख्येच्या दर एक लाखामागे किमान १०० माणसांसाठी एक कायम निवारा. २०११ च्या १ कोटी २४ लाख मुंबईकरांना हा हिशेब लावला, तर सव्वाशेच्या घरात निवारे लागतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या १०० व्या कलमाने रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षणात घेऊन सरकारी आरोग्य संस्थेत नेण्याची जबाबदारी पोलिसांवर टाकली आहे. ख्रिस्ती संस्थांचे आजचे काम बहुतेक या कायद्यांच्या फटींत चालते. सरकारने सोडले तिथे त्या उभ्या असतात, आणि त्या उभ्या आहेत म्हणून सरकारला सोडता येते. हे कोडे सोडवायला पुष्कळ अभ्यासक लागतील.

या कामाला बसणाऱ्याने तीन सवयी लावून घ्याव्यात. संस्थेचा वार्षिक अहवाल वाचताना तो कोणाला वाचायला लिहिला आहे हे आधी पाहावे. देणगीदारासाठी लिहिलेल्या मजकुरात माणसे ताटांच्या आकड्यांत मोजली जातात. प्रवेशाच्या वहीइतकीच सुटकेची, निघून गेल्याची आणि मृत्यूची वही मागावी. आणि मुलाखत घेताना बेघर माणसाला त्याची कर्मकहाणी सांगायला लावू नये. त्या दारातून तो आत आला तेव्हाचे नियम कोणते होते, कोणता त्याने मोडला, कोणता त्याला पटला, हे विचारावे. माणूस मग तज्ज्ञासारखा बोलतो, कारण त्या विषयात तो तज्ज्ञच असतो.

मराठीत हे क्षेत्र अजून जवळपास रिकामे आहे. मिशनच्या नोंदी इंग्रजीत आहेत, न्यायालयांचे निकाल इंग्रजीत आहेत. पण या शहरांतल्या फुटपाथवरची पुष्कळ माणसे मराठवाड्यातून, विदर्भातून, सोलापूर-नगरच्या दुष्काळी तालुक्यांतून आलेली असतात आणि मराठीतच बोलतात. त्यांची साक्ष त्यांच्या भाषेत नोंदवायचे काम मराठी अभ्यासकाशिवाय दुसरे कोणी करणार नाही. पाळक असाल तर आपल्या मंडळीच्या निवाऱ्याचे नियम पुन्हा वाचा. समाजकार्याचे विद्यार्थी असाल तर आपल्या वॉर्डातला एक निवारा निवडा आणि तिथे चार प्रश्न विचारा. महापालिकेत असाल तर उत्तरे द्या. आणि यांपैकी कोणीही नसाल, तरी पुढची प्रकरणे वाचताना ती घेणाऱ्याच्या बाजूने वाचा. वाचकाची ती सवय मोडली नाही, तर पुढचे अहवाल लिहिणाऱ्यांनाही ती बाजू नोंदवावीच लागेल.